जुन्या इंग्रजी शब्दांचा माग कसा काढावा

टायर पंक्चर झालं की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, "स्टेपनी आहे का?" शब्द इंग्रजी आहे हे खरं. पण आज इंग्लंडात कुणाकडे स्टेपनी मागितलीत तर समोरचा माणूस गोंधळून जाईल. तिकडे त्या चाकाला साधं स्पेअर व्हील म्हणतात. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर जादा चाक मिळत नसे. १९०४ साली वेल्समधल्या लनेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी त्यावर तोड काढली. आऱ्या नसलेली, टायर चढवून तयार ठेवलेली एक कडी पंक्चर चाकावर बाहेरून आवळून बसवायची आणि गाडी पुढे न्यायची. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून ते स्टेपनी व्हील. पुढे गाड्यांना आख्खं जादा चाक मिळायला लागलं, कडी गेली आणि तिकडे शब्दही गेला. आपल्याकडे तो अजून रोज कामाला येतो.

गाडीच्या डिकीचंही तसंच आहे. घोडागाडीच्या मागच्या बाजूला नोकरासाठी जी बैठक असे तिला डिकी म्हणत. सुरुवातीच्या मोटारींना मागे उघडणारी जादा बैठक असे, तिलाही तेच नाव मिळालं. आता तिथे आपण सामान ठेवतो.

हे सांगायचं कारण असं, की जुने इंग्रजी शब्द शोधायला निघालेला नवा माणूस बहुतेक वेळा 'पन्नास दुर्मिळ शब्द' अशा याद्यांपासून सुरुवात करतो. चार दिवसांत त्यातला एकही शब्द लक्षात राहत नाही, कारण त्या शब्दाचं घरदार, वय, शेजारी काहीच कळलेलं नसतं. पाठांतर बाजूला ठेवून माग काढायला शिकलं तर हा छंद आयुष्यभर पुरतो. आणि मराठी वाचकाच्या हाती यासाठी काही साधनं आयतीच आहेत, जी खुद्द इंग्रज वाचकाकडे नाहीत. ती कुठे वापरायची हे पुढे ओघात येईलच.

पहिली पायरी : शब्दाचं वय ठरवा

'जुनं इंग्रजी' हा शब्दप्रयोग आपण फार सैल वापरतो. शेक्सपिअरची भाषा म्हणजे ओल्ड इंग्लिश, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात साधारण ११०० सालापर्यंतची इंग्रजी ती ओल्ड इंग्लिश, आणि ती आजच्या इंग्रज माणसाला शिकल्याशिवाय एक ओळसुद्धा वाचता येत नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राजदरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली आणि पुढच्या चारशे वर्षांत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. ती मिडल इंग्लिश. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना घातला, त्यानंतरची ती आधुनिक. १६१६ साली वारलेला शेक्सपिअर या हिशेबाने आधुनिक इंग्रजीच लिहीत होता. यादवकालीन मराठी आणि पेशवाईतली मराठी यांत जेवढा फरक आहे तसाच हा फरक, किंबहुना जरा जास्तच.

कोशात जुन्या शब्दाशेजारी छोटे शेरे असतात. नवखा वाचक ते ओलांडून थेट अर्थाकडे जातो, तसं करू नका. 'आर्केइक' असा शेरा असेल तर शब्द जुना आहे पण मुद्दाम जुनी छटा आणण्यासाठी अजून वापरतात, जसं आपण कवितेत 'मज' किंवा 'परि' लिहितो. 'ऑब्सोलीट' म्हणजे वापरातून पार गेलेला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अशा शब्दाआधी कट्यारीसारखं उभं चिन्ह असतं. 'हिस्टॉरिकल' म्हणजे ती वस्तूच गेली, पण तिच्याबद्दल बोलायचं तर दुसरा शब्द नाही. आपल्या पायली आणि मोट यांच्यासारखं. या तिन्हींत गल्लत झाली की माणूस मेलेला शब्द जिवंत समजून पत्रात घालतो.

दुसरी पायरी : कोश खालून वर वाचा

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत निघाली. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ साल उजाडलं. मरे १९१५ मध्येच गेले होते. हा कोश हजारो वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर उभा राहिला. वाचताना एखादा शब्द लक्षवेधी वाटला की चिठ्ठीवर तो शब्द, तो ज्यात आला ते वाक्य, पुस्तक आणि साल लिहून पाठवायचं. मरे यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत त्या चिठ्ठ्या खणाखणांत लावल्या जात. तुम्हीही हीच पद्धत घ्या. वही घ्या किंवा फोनवर लिहा, पण प्रत्येक शब्दाला चार गोष्टी हव्यातच : शब्द, वाक्य, कुठे वाचला, साल.

या कोशात अर्थ काळाच्या क्रमाने लावलेले असतात, सर्वांत जुना आधी. म्हणून आजच्या अर्थापासून सुरुवात करून मागे मागे जायचं. सरावासाठी 'नाइस' घ्या. आज 'छान'. अठराव्या शतकाच्या आधी मागे गेलात तर 'चोखंदळ, काटेकोर'. आणखी मागे 'मूर्ख'. आणि मुळाशी लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अजाण. एवढा प्रवास एका चार अक्षरी शब्दाचा.

ऑक्सफर्डच्या कोशाला वर्गणी लागते. रोजच्या कामाला फुकट मिळणारी ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी पुरते. सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश आणि यूल-बर्नेल या जोडीचा १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन हा हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा कोश इंटरनेट अर्काइव्हवर बघायला मिळतात. व्युत्पत्तीत एखाद्या शब्दाआधी तारा दिसला तर समजा की तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी तुलनेने बांधलेला आहे.

आणि एक पुस्तक इंग्रज वाचकाला सुचणारही नाही : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची, दोन्ही मुंबईच्या. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. आपण तो मराठी शब्दांसाठी उघडतो, पण मोल्सवर्थने अर्थ दिलेत ते एकोणिसाव्या शतकाच्या इंग्रजीत. आपल्याला मराठी शब्द माहीत असतो आणि त्याच्यासमोर जुना इंग्रजी शब्द येतो. म्हणजे अर्थ आधीच हातात, शब्द नंतर. शिकायची याहून सोपी वाट मला तरी सापडलेली नाही.

तिसरी पायरी : 'दाऊ'ला घाबरू नका

जुना मजकूर उघडला की पहिली ठेच लागते ती सर्वनामांची. दाऊ, दी, दाय, दाइन. इंग्रजी शाळेतली मुलं यावर तास घालवतात. आपल्याला एक वाक्य पुरे : दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही.

यू मुळात अनेकवचनी होतं. फ्रेंचच्या वळणाने मिडल इंग्लिशच्या काळात ते एका माणसाला आदराने बोलण्यासाठीही वापरू लागले. मालक नोकराला दाऊ, नोकर मालकाला यू. आई मुलाला दाऊ, मूल आईला यू. सतराव्या शतकात हळूहळू सगळ्यांनाच यू म्हणण्याची रीत पडली आणि तू नाहीसं झालं. आजच्या इंग्रजीला तू आणि तुम्ही यांतला फरक करता येत नाही, कारण त्यांनी सगळ्या जगाला 'तुम्ही' करून टाकलंय.

आता गंमत बघा. आज बहुतेक इंग्रजी भाषकांना दाऊ हा अतिशय आदराचा, भारदस्त शब्द वाटतो, कारण तो त्यांना प्रार्थनेत भेटतो. खरं तर देवाला दाऊ म्हणत ते जवळीक म्हणून. विठ्ठलाला आपण 'तुम्ही' कुठे म्हणतो? ज्याला हे मराठीतून ठाऊक आहे त्याला जुन्या इंग्रजी प्रार्थनेचा सूर चटकन कळतो, आणि जुन्या नाटकातलं एखादं पात्र मध्येच यू सोडून दाऊवर आलं तर प्रेम वाढलं की अपमान झाला हेही लक्षात येतं. १६०३ साली सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक त्याच्यावर ओरडला तेव्हा त्याने दाऊ हे चक्क क्रियापद म्हणून वापरलं. 'मी तुला दाऊ म्हणतो, राजद्रोह्या!' अशा अर्थाचं ते वाक्य आहे. इंग्रज वाचकाला ते समजावून द्यावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी 'अरे-तुरे करणे' आहेच.

दाऊबरोबर क्रियापदाचं रूप बदलतं : दाऊ आर्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ डस्ट. हॅथ म्हणजे आजचं हॅज. एवढ्यावर भागतं.

स्थळाच्या शब्दांचंही असंच. हिअर म्हणजे इथे, हिदर म्हणजे इकडे, हेन्स म्हणजे इथून. देअर, दिदर, देन्स : तिथे, तिकडे, तिथून. व्हेअर, व्हिदर, व्हेन्स : कुठे, कुणीकडे, कुठून. इंग्रजीने यातला मधला आणि शेवटचा रकाना जवळजवळ टाकून दिला, आपण तिन्ही राखले. हेन्स आता 'म्हणून' या अर्थाने उरला आहे, तो प्रवासही आपल्या 'यावरून'सारखाच.

दुकानांच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' असं दिसतं, त्याबद्दल दोन ओळी. तो उच्चार 'ये' कधीच नव्हता. इंग्रजीत पूर्वी 'द' या आवाजासाठी थॉर्न नावाचं वेगळं अक्षर होतं. हस्तलिखितात ते वायसारखं दिसू लागलं होतं, आणि युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते अक्षर नव्हतं, म्हणून छपाईत वाय बसवला गेला. वाचताना 'द' असंच वाचा.

चौथी पायरी : जिवंत शब्दांच्या पोटात शोधा

पुष्कळ मेलेले शब्द पूर्ण मेलेले नसतात. एखाद्या जोडशब्दात किंवा वाक्प्रचारात ते अडकून राहतात. रूथलेस म्हणजे निर्दय, तेव्हा रूथ म्हणजे दया. ती एकटी आता कुणी वापरत नाही. अनकेम्प्ट म्हणजे न विंचरलेला. हॅपलेस मधला हॅप म्हणजे नशीब, आणि हॅपी त्यातूनच आला. सुखी माणूस म्हणजे मुळात नशीबवान. किथ अँड किन मधला किथ म्हणजे ओळखीपाळखीची माणसं, आणि अनकूथ म्हणजे मुळात अनोळखी, तो पुढे 'असभ्य' झाला. ज्याला ओळखत नाही तो असभ्यच असणार, ही वृत्ती भाषेत अशी उमटून राहते.

निकनेम हा माझा फार आवडता. ईक म्हणजे आणखी, जादा. ईक-नेम म्हणजे जादाचं नाव. आधीच्या 'अ‍ॅन'मधला न पुढच्या शब्दाला चिकटला आणि नीक-नेम झालं. कधी उलटही झालं. नेप्रन हा खरा शब्द, त्याचा न निसटून 'अ‍ॅन'ला गेला आणि एप्रन उरला. ऑरेंजचं उदाहरण पुष्कळजण यात घालतात. तो आपल्या नारंगापासूनच गेला हे खरं, पण त्याचा न वाटेतच, इंग्रजीत पोचण्यापूर्वी गळला होता.

फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. सात रात्रींना सेनाइट म्हणत, तो गेला. दिवसांऐवजी रात्री मोजायची जर्मानिक लोकांची रीत रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस नोंदवली आहे. नवरात्र पाळणाऱ्या माणसाला ती परकी वाटू नये. अमेरिकेत फोर्टनाइट फारसा ऐकू येत नाही. आपल्या कचेऱ्यांत आणि पाक्षिकांत तो रुळलेला आहे.

पाचवी पायरी : ओळखीच्या शब्दांवर जास्त शंका घ्या

अनोळखी शब्द अडला की आपण कोश उघडतो. ओळखीचा दिसला की तसेच पुढे जातो, आणि फसतो ते तिथेच. जुन्या मजकुरातलं मीट म्हणजे मांस नाही, कोणतंही अन्न. जुन्या मिठाईच्या दुकानांच्या पाटीवर 'स्वीटमीट मार्ट' दिसतं ते त्यामुळे. गर्ल म्हणजे मिडल इंग्लिशमध्ये कोणतंही मूल, मुलगाही. सिली म्हणजे मुळात भाग्यवान, देवाची कृपा असलेला. तिथून भोळा, मग बिचारा, मग मूर्ख.

डिअर म्हणजे हरीण. पण ओल्ड इंग्लिशमध्ये कोणतंही जनावर. हे वाचून मी थबकले होते, कारण संस्कृतात अगदी हेच झालं आहे. मृग म्हणजे आधी कोणताही वन्य पशू. म्हणून सिंहाला मृगेंद्र म्हणतात आणि माकडाला शाखामृग. नंतर तो हरणापुरता उरला. दोन भाषा, दोन वेगळे शब्द, आणि वाट एकच. बहुधा शिकारीत ज्या प्राण्याशी सर्वांत जास्त गाठ पडे त्यानेच नाव बळकावलं असावं.

वेळेचे शब्द एकत्र वाचा. सून म्हणजे पूर्वी 'ताबडतोब'. अनॉन म्हणजे 'ताबडतोब'. प्रेझेंटली म्हणजेही 'ताबडतोब'. तिन्ही ढिले पडत 'थोड्या वेळाने' वर आले. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या मजकुरात कुणी प्रेझेंटली येतो म्हणाला तर तो बहुधा लगेच येतोय.

लॉर्ड आणि लेडी हे शब्द ओल्ड इंग्लिशमध्ये पाहिले की त्यातून घर दिसतं. लॉर्ड म्हणजे 'ह्लाफ-वेअर्ड', भाकरीचा राखणदार. लेडी म्हणजे 'ह्लॅफ-दिये', भाकरीचं पीठ मळणारी. ह्लाफ म्हणजे आजचा लोफ. अन्नदाता म्हणून मालकाला हात जोडणारा माणूस आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा हे समजायला टीप लागत नाही.

सहावी पायरी : संस्कृतचा आधार घ्या, पण नियमाने

१७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. इंग्रजीही त्याच कुळातली. जुन्या इंग्रजी शब्दांत हे नातं जास्त स्पष्ट दिसतं, कारण नंतरचे फ्रेंच थर अजून चढलेले नसतात.

सूथ म्हणजे सत्य. सूथसेअर म्हणजे मुळात सत्य सांगणारा, मग भविष्य सांगणारा. सूथ आणि सत्य दोन्ही 'असणे' या एकाच धातूतून आले : जे आहे ते. क्विक म्हणजे आज जलद, पूर्वी जिवंत. आपला जीव त्याचा सख्खा. 'द क्विक अँड द डेड' म्हणजे जिवंत आणि मृत. क्विकसिल्व्हर म्हणजे जिवंत चांदी, अर्थात पारा. नखाखालच्या जित्या मांसालाही क्विक म्हणतात. विट म्हणजे जाणणे, आणि त्याच्या शेजारी विद्, विद्या, वेद. फी हा शब्द तर शाळेच्या पावतीवर रोज दिसतो. ओल्ड इंग्लिशमध्ये 'फेओह' म्हणजे गुरंढोरं, म्हणजेच धन, आणि संस्कृतात पशु.

इथे मात्र पाय घसरतो. कानाला सारखा लागला की नातं जुळलं असं नाही. फारसीत बद म्हणजे वाईट, आपल्या बदनाममध्ये तो आहे. इंग्रजीत बॅड म्हणजे वाईट. दोघांचा काडीचा संबंध नाही. खरं नातं आवाजांच्या नियमित बदलात दिसतं. संस्कृतातला प इंग्रजीत फ होतो : पितृ आणि फादर, पद आणि फूट, पशु आणि फी. संस्कृतातला द इंग्रजीत ट होतो : दश आणि टेन, द्वि आणि टू, विद् आणि विट. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे नियम मांडले. एका जोडीवर विश्वास ठेवू नका. तोच बदल आणखी तीन-चार जोड्यांत सापडला तर पुढे जा.

सातवी पायरी : आधी साल, मग गोष्ट

सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बोंबलाला बॉम्बे डक का म्हणतात? गोष्ट अशी सांगतात की वाळवलेले बोंबील डाकगाडीने जात, डब्यांना वास येई, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं डक. मीही ही गोष्ट कित्येकांना रंगवून सांगितली होती. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ साली. बॉम्बे डक हे नाव त्याच्या कितीतरी वर्षं आधीच्या छापील मजकुरात आहे. गोष्ट तिथेच संपते.

पॉश या शब्दाचंही तेच. विलायत-मुंबई बोटींवर श्रीमंतांना मुंबईला येताना डाव्या आणि घरी परतताना उजव्या बाजूच्या, उन्हापासून लांबच्या खोल्या मिळत, आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पॉश, असं सांगतात. ती अक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची रीत विसाव्या शतकाआधी जवळपास नव्हतीच, म्हणून जुन्या शब्दाची अशी फोड कुणी केली की सावध व्हा.

कोशसुद्धा चुकतात. १९३४ च्या वेब्स्टर कोशात 'डॉर्ड' म्हणजे घनता असा शब्द छापला गेला. कुणीतरी चिठ्ठीवर घनतेचं संक्षिप्त रूप म्हणून 'डी ऑर डी' लिहिलं होतं, ते सलग शब्द म्हणून वाचलं गेलं. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, आणि चूक उघडकीस आली. २००१ च्या न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीत 'एस्क्विव्हेलियन्स' हा शब्द तर नक्कल करणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम घातला होता.

काही शब्द खरे असतात, पण कोशाबाहेर फारसे कुणी वापरलेले नसतात. ॲप्रिसिटी म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकेरमच्या १६२३ च्या कोशात तो आहे, आणि दुर्मिळ शब्दांच्या प्रत्येक यादीत असतो. मला तो आवडतो, कारण कोवळ्या उन्हात बसणाऱ्या प्रत्येकाला तो कळेल. पण इंग्रज माणूस थंडीत ओट्यावर बसून हा शब्द म्हणत होता, असं चित्र रंगवू नका.

सालं तपासायला गुगलचं एनग्राम साधन चांगलं आहे, कोणता शब्द छापील पुस्तकांत कधी किती आला याचा आलेख ते दाखवतं. पण एक खबरदारी घ्या. १८०० च्या आसपासपर्यंत छपाईत लांब एस वापरत, तो एफसारखा दिसतो. संगणकही फसतो आणि 'बेस्ट'ला 'बेफ्ट' वाचतो. त्यामुळे आलेखात एखादा शब्द १८०० नंतर एकदम उगवलेला दिसला तर आधी त्याचं एफवालं रूप शोधून बघा.

आता एक शब्द पूर्ण करून बघू : डूलॅली

कादंबरीत वाक्य आलं, अमुक माणूस डूलॅली झालाय. संदर्भावरून अर्थ लागतो : वेडा. कोशात शेरा : बोलीतला, ब्रिटिश. मूळ रूप डूलॅली टॅप. वय : एकोणिसाव्या शतकाची अखेर ते विसाव्याची सुरुवात, आणि उगम लष्करात. व्युत्पत्ती : नाशिकजवळचं देवळाली.

तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. हिंदुस्थानातली मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी तिथे थांबत. सैन्याच्या बोटी ठरावीक हंगामातच सुटत. हंगाम चुकला की महिनोन्महिने बसून राहायचं : काम नाही, ऊन, मलेरिया, दारू. माणसं बिथरत. टॅप म्हणजे तप, ताप, ज्वर. हिंदुस्थानी शिपायाकडून गोऱ्या सैनिकाने तो उचलला. डूलॅली टॅप म्हणजे देवळालीचा ताप.

आता तपासणी. साल जुळतं का? छावणी आधी, शब्द नंतर, तेव्हा जुळतं. आवाज जुळतो का? देवळालीचं डूलॅली होणं हे सैनिकाच्या तोंडी नेहमीचं. मोहरमच्या 'या हसन, या हुसेन'चं त्यांनी हॉब्सन-जॉब्सन केलं होतं. शेजारी आहेत का? आहेत. त्याच बराकींतून ब्लायटी गेला, म्हणजे इंग्लंड, घर. तो आपला विलायती. मूळ अरबी 'विलायत' म्हणजे प्रांत, आपल्याकडे तो परका मुलूख झाला, आणि गोऱ्या शिपायाने ऐकून ऐकून तोच शब्द स्वतःच्या घराला लावला. चिट म्हणजे चिठ्ठी, डेको म्हणजे देखो, पक्का म्हणजे पक्का.

वहीत मी ही नोंद अशी केली आहे : डूलॅली, वेडा, देवळाली छावणी, बोटीची वाट बघणारे सैनिक, शेजारी ब्लायटी. खाली रिकामी ओळ सोडली आहे, पुढचं वाक्य सापडेल तेव्हासाठी. त्याच्या पुढचं पान मंगूजचं. तो मराठी मुंगूसच, सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेलेला. त्यातला गूज हा केवळ आवाजाचा योगायोग आहे, म्हणून त्याचं अनेकवचन मंगूजेस होतं, मंगीज होत नाही.